तडा आतून भरा: स्कूटरच्या प्लास्टिक पॅनेलची घरच्या घरी दुरुस्ती

गेल्या श्रावणात बेळगावच्या खानापूर रोडला माझी स्कूटर आडवी झाली. वेग फार तर वीस-पंचवीस. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली माती रस्त्यावर पडलेली, वरून रिमझिम, आणि मी ब्रेक नको तिथे दाबला. गुडघा खरचटला, तो आठवड्यात बरा झाला. गाडीचं डावं अंग मात्र खराब झालं. पुढच्या पॅनेलला वीतभर तडा, साइड पॅनेलवर ओरखडे, आणि गाडी चालू केली की आत कुठेतरी खडखड.

पहिली दुरुस्ती मी करून घेतली ती फसली. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी चकचकीत परत मिळाली. महिन्याभरात जांबोटीवरून चोर्ला घाटाची एक फेरी झाली आणि जुना तडा केसाएवढी रेघ होऊन रंगातून वर आला. पॅनेल खोललं तर आतून तो जसाच्या तसा होता. बाहेरून लांबी (खड्डे-भेगा भरायची पुट्टी) ओढून वर रंग मारलेला. त्यात खालचे दोन स्क्रूच नव्हते. उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने घडवण्यात, जन्म घालवलेल्या मामांना ते दाखवलं. त्यांनी पॅनेल हातात धरून दोनदा हलवलं आणि म्हणाले, "रंगाला काय कळतंय रे? जिथं हलतंय तिथं ते फुटणारच."

त्यानंतर मी ते पॅनेल आणि मग शेजारपाजारच्यांची सात-आठ पॅनेलं घरी केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो. रंग हे या कामातलं शेवटचं आणि सर्वांत कमी महत्त्वाचं काम आहे. तडा आतून जोडायचा आणि पॅनेल कशामुळे हलत होतं ते शोधायचं, एवढं जमलं तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो.

आधी ओळख: पत्रा की प्लास्टिक, आणि कोणतं

हसू नका, पण आधी लोहचुंबक लावून बघा. काही स्कूटरचे साइड पॅनेल पत्र्याचे असतात आणि रंगाखाली ते प्लास्टिकसारखेच दिसतात. चुंबक चिकटला तर हा लेख तिथपुरता बाजूला ठेवा. ते काम टिंकरवाल्याचं. (कोल्हापूरकडे ज्याला डेंटिंग म्हणतात त्याला आपल्याकडे टिंकरिंग म्हणतात. कोल्हापूरचा पाहुणा आला की यावर हमखास एक विनोद होतो.)

चुंबक चिकटला नाही तर पॅनेलची आतली बाजू पुसून बॅटरीच्या उजेडात बघा. दोन बाणांच्या टोकांमध्ये बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. बहुतेक वेळा रंगवलेल्या पॅनेलवर 'एबीएस' सापडतं, हा एक कडक प्लास्टिकचा प्रकार. पायदान, आतलं मडगार्ड, चाकामागचा काळा भाग अशा न रंगवलेल्या, खरबरीत भागांवर 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. 'पीपी'च्या पुढे 'टी' आणि एखादा आकडा असेल तर त्यात तेवढे टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळली आहे.

हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं वाया जातं. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे ते रसायनाने एकजीव करता येतं. पीपीला ॲसिटोन काहीच करत नाही. त्याला साधा गोंद धरत नाही, लांबी धरत नाही, नुसता रंगही धरत नाही. पीपीचा तडा उष्णतेनेच सांधायचा.

अक्षरं घासून गेली असतील तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेला कान साफ करायच्या काडीने ॲसिटोनचा थेंब लावा आणि दहा सेकंदांनी बोट टेकवून बघा. चिकट लागलं तर एबीएस किंवा त्याच्या जवळचं काहीतरी. काहीच झालं नाही तर पीपी धरून चाला. तुकडा पाण्यात टाकून बघायची युक्तीही सांगतात, पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं म्हणून. शुद्ध पीपीसाठी ते खरं आहे, त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. पण वीस टक्के शंखजिरं मिसळलेलं पीपी एबीएसइतकंच जड होतं आणि तेही बुडतं. मी यात एकदा फसलो आहे.

हेडलाइटची पुढची काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्या जवळपास ॲसिटोन किंवा थिनर नेऊ नका. थेंब उडाला तरी धुरकट डाग पडतो, जाळीदार भेगा येतात, आणि ते परत जात नाही.

ओरखडे

नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. पुष्कळदा तर तो ओरखडाच नसतो, समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या पॅनेलवर चिकटलेला असतो. खडे बाजारात सणाच्या गर्दीत गाडी लावली की असे दोन-चार वळ अंगावर घेऊनच ती घरी येते. आधी साबणाच्या पाण्याने धुवा. आपल्याकडची तांबडी माती पॅनेलवर राहिली आणि वर फडकं फिरवलं तर तुम्हीच पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. मग मऊ सुती कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने गोल न फिरवता सरळ पुढे-मागे घासा. कडांवर आणि पॅनेलच्या धारेवर जपून, तिथे रंग पातळ असतो आणि दोन मिनिटांत प्रायमर दिसायला लागतो.

नख किंचित अडकलं तर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून, बोटाऐवजी रबराच्या तुकड्यावर गुंडाळून, त्या जागेपुरता घासा. पाणी पांढरट दिसतंय तोवर तुम्ही पारदर्शक थरात आहात. पाण्यात गाडीचा रंग उतरायला लागला की थांबा. नंतर ३००० नंबर आणि कंपाउंड.

नख सरळ आत गेलं, खालचं काळं किंवा पांढरं प्लास्टिक दिसू लागलं, तर कंपाउंडने काही होणार नाही. ते प्रायमर आणि रंगाचं काम आहे, त्याकडे पुढे येऊ.

काळ्या खरबरीत पॅनेलवरचा ओरखडा हा वेगळाच ताप. तो घासला तर पोत जातो आणि गुळगुळीत डाग ओरखड्याहून जास्त दिसतो. हॉट एअर गन लांबून फिरवून ओरखड्याची उभी राहिलेली पांढरी कड बसवता येते, पण थोडं जास्त झालं की प्लास्टिक चमकतं किंवा वाकतं. माझं मत विचाराल तर पायदानावरचे ओरखडे असू द्यावेत. ती पाय ठेवायची जागा आहे.

पॅनेल खोलणं

निम्मी मोडतोड इथे होते. पॅनेल स्क्रूंनी धरलेलं असतंच, शिवाय कडेला प्लास्टिकचे लॉक असतात, ते एकमेकांत सरकून बसतात. स्क्रू काढले आणि जोरात ओढलं की लॉक तुटतो. पॅनेल निघत नसेल तर कुठेतरी एक स्क्रू राहिलेला आहे असंच समजा. तो पायदानाच्या रबरी मॅटखाली असतो, डिकीच्या आत असतो, पुढच्या चिन्हाच्या मागे असतो, किंवा मडगार्डच्या आतून वर मारलेला असतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे चांगलीच थंडी असते आणि गार प्लास्टिक ठिसूळ वागतं. गाडी दुपारपर्यंत उन्हात ठेवा, मग हात लावा. लॉक कोणत्या दिशेला सरकतो ते न कळता ढकलू नका. जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत घालून चाचपलं की कळतं. इंडिकेटर असलेलं पॅनेल काढताना आतल्या वायरीचा कपलर आधी सोडवा. पॅनेल वायरीवर लोंबकळत ठेवू नका. पुढचं पॅनेल किंवा हँडलचं कव्हर उघडणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलेली बरी.

स्क्रूंचं काय करायचं? पुठ्ठ्यावर पॅनेलचा ढोबळ आकार काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे तो पुठ्ठ्यात टोचून ठेवा. त्यांच्या लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूड जागी गेला की पलीकडच्या बाजूने रंगाला फुगवटा येतो किंवा वायर चेपते. याच वेळी कोणते स्क्रू आणि क्लिप मुळातच नाहीत तेही त्या पुठ्ठ्यावर दिसतं. माझ्या गाडीचं दुखणं मला असंच सापडलं.

एबीएसचा तडा

पॅनेल साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि तड्याच्या दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने पुसायची सवय मोडा. एबीएसवर ताण असलेल्या जागी पेट्रोलने नव्या बारीक भेगा पडू शकतात.

आता तड्याचं खरं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे तो बहुधा अर्धा-एक सेंटिमीटर गेलेला असतो. आतली बाजू काळी असेल तर खडूची पूड चोळा, फिकट असेल तर मार्करची शाई लावून लगेच पुसा. भेगेत रंग राहतो आणि टोक दिसतं. त्या टोकावर २ मिलिमीटरच्या बिटने आरपार भोक पाडा. चांगल्या पॅनेलला भोक पाडताना मन होत नाही. पण तड्याचं टोक सुरीच्या धारेसारखं असतं, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि तिथून तो पुढे सरकत राहतो. गोल भोकाला तसा बिंदूच नाही, ताण भोवताली पसरतो. हे भोक न पाडता केलेली दुरुस्ती मी दोनदा पुन्हा केली आहे.

मग बाहेरून तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आणून मास्किंग टेपने घट्ट आवळा. आतून दोन-तीन ठिकाणी फेव्हिक्विकचा एकेक थेंब, फक्त टाके घालावे तसा. तो जोड म्हणून भरवशाचा नाही. वाळला की काचेसारखा कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीने सुटतो. त्याचं काम जागा धरून ठेवण्यापुरतं.

इथे सगळ्यांत जास्त लोक घाई करतात. टाके घातलेलं पॅनेल गाडीवर नेऊन बसवून बघा. सगळी भोकं जुळतात का? शेजारच्या पॅनेलशी फट सारखी आहे का? पडताना पॅनेल थोडं पिळलेलं असतं, टेबलावर ते सरळ दिसतं आणि गाडीवर दोन मिलिमीटर चुकतं. आत्ता चुकलं तर टाका तोडून परत घालता येतो. पक्कं केल्यावर चुकलं तर तुम्ही तो स्क्रू जोर लावून बसवाल आणि तडा पुन्हा तिथूनच सुरू होईल.

भोकं जुळली की आतल्या बाजूने तड्याच्या रेषेवर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच करा. सुरीचं टोक, त्रिकोणी कानस, काहीही चालतं. पॅनेलची जाडी साधारण अडीच-तीन मिलिमीटर असते. खाच तिच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल हवी. खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जागा ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा.

भरायला लागते एबीएसची लापशी. भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या पॅनेलचा तुकडा आणा, आतली एबीएसची खूण बघूनच. रंग खरवडून टाका, पक्कडीने बारीक तुकडे करा आणि काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी ढवळा. काकवीसारखं दाट झालं की तयार. पातळ असेल तर आणखी तुकडे, घट्ट असेल तर थोडं ॲसिटोन. ॲसिटोन रसायनांच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश काढायच्या बाटलीवर भरवसा नको, पुष्कळांत ॲसिटोन नसतंच आणि असलं तरी सोबत तेल असतं.

ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. शून्याच्या खालच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. त्यामुळे हे काम अंगणात करा. चूल, गॅस, देवघरातला दिवा, विडी, सगळ्यांपासून लांब.

खाचेत आधी नुसतं ॲसिटोन ब्रशने एकदा फिरवा, म्हणजे कडा मऊ पडतात. लगेच लापशीचा पातळ थर द्या. त्यावर स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी ठेवा आणि वरून आणखी थर. स्टीलची चहाची गाळणी कापली की ही जाळी मिळते. आमच्या घरची गाळणी अशीच गेली आणि नवी आणेपर्यंत मला चहा चोथ्यासकट मिळाला. साधी लोखंडी जाळी घेऊ नका, खानापूरकडच्या पावसात ती आतल्या आत गंजते आणि थर उचलते.

एका वेळी एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. एकदम ओतलं की आतलं ॲसिटोन अडकतं, बुडबुडे येतात, आणि मूळ पॅनेल मऊ होऊन बाहेरच्या बाजूला सुरकुती उठते. थर द्या, चार-पाच तास थांबा, पुढचा द्या. शेवटच्या थरानंतर दोन-तीन दिवस पॅनेलला हात लावू नका. वरून ते तासाभरातच कडक लागतं, त्यावर जाऊ नका.

पीपीचा तडा

इथे हत्यार म्हणजे सोल्डरिंगची कडी (सोल्डरिंग आयर्न), २५ ते ४० वॉटची, चपट्या टोकाची. टोक या कामापुरतं वेगळं ठेवा, प्लास्टिक लागलेल्या टोकाने परत नीट सोल्डर होत नाही. टोकाचं भोक, टेप, गाडीवर लावून बघणं, 'व्ही' खाच हे सगळं वरच्यासारखंच. टाके मात्र फेव्हिक्विकने नाही, तो पीपीवर धरत नाही. कडीच्या टोकाने दोन्ही कडा एकमेकांत दाबून ठिकठिकाणी वितळवायच्या.

भरायला पीपीच्याच पट्ट्या लागतात. घरातल्या तुटक्या डब्याच्या बुडावर त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर तो पीपी आहे, त्याच्या बोरूएवढ्या पट्ट्या कापा. २ असेल तर ते दुसरं प्लास्टिक, एचडीपीई. दिसायला तसंच, पण पीपीशी एकजीव होत नाही. बादल्यांच्या बाबतीत हा घोळ फार होतो. गाडीचाच काळा भंगार तुकडा मिळाला तर सगळ्यात उत्तम.

पट्टी आणि खाच दोन्ही एकाच वेळी वितळायला हवीत. नुसती पट्टी वितळवून थंड खाचेत सोडली तर ती मेणासारखी वर बसते आणि नखाने निघते. पीपी १६० अंश सेल्सिअसच्या थोडं वर वितळतं आणि साधी कडी त्याच्या दुप्पट तापते. म्हणून टोक एका जागी थांबवू नका. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळतंय, जोडलं जात नाही. वास नाकात जाऊ देऊ नका, वारा पाठीमागून येईल असं बसा. खाच भरली की जाळीची पट्टी वर ठेवून कडीने अर्ध्या जाडीपर्यंत आत दाबा आणि वरून आणखी पट्टी वितळवा. पलीकडे बोट लावून बघत राहा. बाहेरची बाजू हाताला सोसणार नाही इतकी तापली तर थांबा.

थंड पाणी ओतून घाई करू नका, पॅनेल वाकतं.

तुटलेले कान

स्क्रू जिथे बसतो तो प्लास्टिकचा गोल उंचवटा किंवा पट्टी, त्याला आम्ही कान म्हणतो. तडे बहुतेक इथूनच निघतात. कुणीतरी स्क्रू फार आवळतो, कान चिरतो, दुसरा कुणीतरी तो स्क्रू लावायचंच सोडून देतो, पॅनेल एका बाजूने सुटं पडून वाजायला लागतं, आणि वर्षभराने तडा मधोमध दिसतो.

तुटलेला तुकडा सापडला तर वरच्याच रीतीने जोडा. हरवला असेल तर नवा घडवावा लागतो, आणि हे काम मला सगळ्यांत आवडतं. मामांनी ते साच्याच्या हिशोबाने शिकवलं. जो स्क्रू तिथे बसणार आहे त्यालाच साचा करायचं. स्क्रूला मेणबत्ती चोळा म्हणजे तो चिकटणार नाही. पॅनेल गाडीवर बाकीच्या स्क्रूंवर बसवा, हा मेण लावलेला स्क्रू वायसरसकट त्याच्या जागी अर्धवट फिरवा, आणि गाडीच्या ज्या भागाला लापशी लागू शकते तिथे सेलो टेप चिकटवा. आता पॅनेलच्या मोडक्या कडेपासून स्क्रूभोवतीपर्यंत जाळीचा तुकडा वाकवून ठेवा आणि थोडी थोडी लापशी लावा. आकार धरला की चार-पाच तासांनी पॅनेल अलगद काढून टेबलावर उरलेले थर द्या. असं घडवलेलं भोक आपोआप बरोबर जागी येतं.

एवढा वेळ नसेल तर एबीएसवर दोन भागांचं इपॉक्सी आणि जाळी हेही चालतं. एम-सील तातडीला बरं, पण ते जड आणि ठिसूळ, एकट्याने भार घेत नाही. पीपीच्या कानाला मात्र वितळवण्यावाचून पर्याय नाही.

स्क्रूखाली रबरी वायसर घाला. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला चालतो.

काय दुरुस्त करू नये

पुढचं मडगार्ड त्याच्या बोल्टजवळ तुटलं असेल तर नवं घ्या. चालत्या गाडीत ते सुटून चाकात गेलं तर काय होईल ते सांगायला नको. तुकड्यांचा चुराच झाला असेल, किंवा आधी दोनदा लांबी भरलेलं पॅनेल तिसऱ्यांदा फुटलं असेल, तरीही नवंच. बिनरंगाचं पॅनेल मिळतं का ते आधी विचारा, ते बरंच स्वस्त पडतं.

विम्याचा विचार असेल तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि दावा केला की जमा झालेला नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. एका पॅनेलसाठी तो घालवावा का, ते कागदावर मांडून बघा.

लांबी, प्रायमर, रंग

आतला जोड पक्का वाळला की बाहेरची टेप काढा. रेघ राहिलेली असते आणि टोकाचं भोकही. बाहेरून हलकी खाच करून लांबी भरा, पण प्लास्टिकला चालणारी, हार्डनर मिसळायची. ट्यूबमधली साधी लांबी वाळताना आकसते आणि पॅनेल लवलं की तडकते. लांबी एक मिलिमीटरच्या वर लागत असेल तर आतली पातळी चुकली आहे, परत मागे जा. १८० ने आकार, ३२० ने सपाटी, मग ६०० चा पेपर पाण्यात. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा बोटाला लागतो.

रंगाआधी पॅनेल पुन्हा अल्कोहोलने पुसा. चमक यावी म्हणून कधी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असेल तर त्याचा जरासा अंश राहिला तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पीपी रंगवायचंच असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर हवाच, नाहीतर पहिल्याच धुण्यात रंग साल निघाल्यासारखा निघतो. त्यावर सरफेसरचे (पृष्ठभाग सारखा करणाऱ्या प्रायमरचे) दोन हात, वाळल्यावर ८०० चा पेपर.

मृगापासून हस्तापर्यंत बेळगाव-खानापुरात रंगाचं काम काढू नका. हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसतो आणि लॅकर दुधासारखा पांढुरका पडतो. तोवर प्रायमर मारून गाडी चालवा, बिघडत नाही काही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात तेव्हाच गळीत हंगाम सुरू होतो आणि कारखान्यांच्या धुराड्यांची काळी राख उडत असते. ओल्या रंगावर तिचा एक कण बसला की पुन्हा २००० चा पेपर. सकाळी नऊ ते अकरा, वारा नसताना, अंगणात आधी पाणी शिंपडून, हा माझा मुहूर्त.

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, बहुधा सीटखाली किंवा फ्रेमवर. रंग मिसळून देणाऱ्या दुकानात कोडबरोबर पॅनेलही न्या, कारण चार-पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडमधल्या रंगाहून उतरलेला असतो. आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, गाडीशेजारी धरून बघा. आणि ठिगळ लावू नका, पॅनेल एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत पूर्ण रंगवा. पॅनेलच्या फटीपाशी रंगाचा फरक डोळ्याला खटकत नाही, पॅनेलच्या मधोमध मात्र लगेच दिसतो.

आमच्या गल्लीत पेंटिंग करणारे एक कन्नड अण्णा आहेत. माझा पहिला हात बघून ते फक्त "निधान, निधान" एवढंच म्हणाले. सावकाश. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरा, पॅनेलच्या बाहेरून फवारा सुरू करा आणि पलीकडे बाहेरच थांबवा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. थिनर जास्त झालेला जाड हात एबीएसला खातो आणि तुमचा जोडच मऊ करतो. दहा-दहा मिनिटांनी तीन हात, मग क्लिअर कोटचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन. हार्डनरवाला क्लिअर पेट्रोल सांडल्यावरही टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. योग्य मास्क नसेल तर तेवढा शेवटचा हात पेंटरकडून मारून घ्या.

याच संधीत सगळ्या गाडीचा रंगच बदलावा असा मोह होतो. नोंदणीपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओकडे नोंद लागते. बेळगावची केए-२२ ची पाटी घेऊन कोगनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडणाऱ्याने तर ही भानगड न केलेली बरी.

परत बसवताना

रंगवलेलं पॅनेल निदान दोन दिवस वाळू द्या. आधी सगळे लॉक सरकवा, मग सगळे स्क्रू दोन-दोन आटे धरतील इतकेच फिरवा, आणि शेवटी मधल्यापासून सुरुवात करून आवळा. हाताने स्क्रू ड्रायव्हर, मशीन नको. स्क्रू थांबला की पाव फेरा आणि बस. पुठ्ठ्यावरच्या रिकाम्या जागा आठवतात ना? तिथल्या क्लिप आणि स्क्रू विकत आणून लावा. स्पेअर पार्टच्या दुकानात जुना नमुना दाखवला की मिळतात.

गाडी मधल्या स्टँडवर लावून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. ब्रेकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल पॅनेलला अडकत नाही ना, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मागे येतो ना, इंडिकेटर आणि हॉर्न चालतात ना ते बघा. मग गाडी चालू करून पॅनेलवर तळहात ठेवा. कुठे खडखड जाणवली तर त्या फटीत फोमच्या टेपचा तुकडा घाला. पंधरा दिवसांनी, जांबोटीकडे एक फेरी मारून आल्यावर, रबरी वायसरवाले स्क्रू परत एकदा तपासा. रबर बसतं आणि ते पाव फेरा ढिले झालेले असतात.